लाडवांपायी हुकलेली परीक्षा

गौरी शिंदे यांचा ‘इंग्लिश विंग्लिश’ 2012 साली आला. तेव्हापासून आमच्या निपाणी-बेळगावकडच्या महिला मंडळांत शिक्षणाचा विषय निघाला, की शशी गोडबोलेचं नाव निघालंच म्हणून समजा. वक्त्या गावच्या असोत की बाहेरून आणलेल्या, उदाहरण ठरलेलं. बाईनं मनात आणलं तर कुठल्याही वयात शिकता येतं, हे सांगायला शशी बरी पडते. मलाही तो सिनेमा आवडतो. श्रीदेवीसाठी तर मी तो तीनदा पाहिलाय. पण माझी एक तक्रार आहे, आणि एवढ्या वर्षांत कुठल्याच कार्यक्रमात ती कुणी काढलेली मी ऐकली नाही. शशीला परीक्षा देऊ दिलेली नाही.

गोष्ट थोडी आठवून बघा. पुण्यात राहणारी, घरी लाडू करून विकणारी बाई. तिच्या इंग्रजीवरून नवरा हसतो, मुलीला शाळेत आईला न्यायची लाज वाटते. भाचीच्या लग्नासाठी ती घरच्यांच्या आधी एकटी न्यूयॉर्कला जाते. तिथे एका कॉफीच्या दुकानात तिची फजिती होते, आणि मग चार आठवड्यांत इंग्रजी शिकवणाऱ्या वर्गाची जाहिरात बघून ती गुपचूप नाव घालते. शेवटी परीक्षा असते, इंग्रजीतून पाच मिनिटं बोलायची. ती येते नेमकी लग्नाच्या दिवशी. दोन्ही जमवायचं शशीनं ठरवलेलं असतं, पण धाकट्या पोराच्या खोडीपायी सगळे लाडू जमिनीवर सांडतात. ती पुन्हा लाडू वळायला बसते आणि परीक्षा राहते ती राहतेच. मग लग्नाच्या पंगतीत ती उभी राहून इंग्रजीत चार शब्द बोलते. वर्गातले सोबती आणि शिक्षक तिथे पाहुणे म्हणून आलेले असतात, आणि शिक्षक तिला तिथल्या तिथे पास करून टाकतात.

सगळं थिएटर टाळ्या वाजवतं. मीही वाजवल्या होत्या. पण घरी येऊन भांडी घासताना (विचार करायची माझी तीच जागा) मनात आलं, की इथे झालं काय? परीक्षा वर्गातून उचलून मांडवात आणली. परीक्षक सोयऱ्याधायऱ्यांत बसवले. विषय दिला संसार. म्हणजे बाई चार आठवडे विद्यार्थिनी होती ती फक्त वर्गात. निकालाच्या वेळी तिला पुन्हा मावशी आणि बायको करूनच उभं केलं. तिनं इंग्रजी शिकून केलं काय, तर नव्या जोडप्याला संसाराचा उपदेश. तो उपदेश चांगला आहे, त्यात नवऱ्याला आणि मुलीला चिमटेही आहेत. पण वर्गातल्या बाकी सगळ्यांनी रीतसर परीक्षा दिली आणि हिला मात्र सवलत मिळाली. ती सवलत प्रेमानं मिळाली, हे मला जास्त खटकतं.

यावर माझी लेक म्हणते, “आई, तो सिनेमा इंग्रजीचा नाहीच मुळी, मानाचा आहे.” खरं आहे. परतीच्या विमानात शशी हिंदी पेपर मागते, तेही त्याचसाठी. इंग्रजी येत नाही म्हणून कुणाला कमी लेखू नये, हे सांगायला सिनेमा निघाला आणि ते त्यानं छान सांगितलं. आमच्या भागात तर ते जास्तच लागू पडतं. इथल्या मराठी बाईला इंग्रजी एक अडतं आणि कचेरीतला कानडी फॉर्म दुसरा. दोन्हीकडे ती मुलाला नाहीतर नवऱ्याला पुढे करते. पण मान मिळणं वेगळं आणि शिकणं वेगळं. मान दुसऱ्यांनी द्यायचा असतो, तो एका संध्याकाळीही मिळू शकतो. शिकायला मात्र आपलं आपल्यालाच बसावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. सिनेमानं पहिली गोष्ट देऊन दुसरी मिटवून टाकली. आता शशीच्या नावानं भाषणं होतात तेव्हा लोक दोन्ही एकच समजतात.

या सिनेमाला शिकणं दाखवता येत नव्हतं असंही नाही. दोन जागा फार सुंदर आहेत. एकदा वर्गात शशी विचारते, की इंग्रजीत अमेरिकेच्या नावाआधी ‘द’ लागतो तर इंडियाच्या आधी का लागत नाही? प्रश्न बावळट वाटतो, पण ज्यानं मोठेपणी परकी भाषा धरली आहे त्यालाच तो सुचतो. लहान मूल असं विचारत नाही, ते घोकून मोकळं होतं. मोठ्या माणसाला कारण लागतं. दुसरी जागा, शिक्षक तिला सांगतात की लाडूचा धंदा करणारी तू आंत्रप्रेन्योर आहेस. तो अवघड शब्द तोंडात घोळवत, पुन्हा पुन्हा म्हणत ती रस्त्यानं चालते. श्रीदेवीचा त्या वेळचा चेहरा बघा. तिथे नवरा नाही, मुलगी नाही, कुणी शाबासकी द्यायला नाही. एक शब्द आहे आणि ती आहे. असे आणखी चार प्रसंग असते तर मी तक्रार केली नसती.

अश्विनी अय्यर तिवारी यांचा ‘निल बटे सन्नाटा’ आपल्याकडे 2016 मध्ये लागला. यातली चंदा आग्र्यात घरकाम करते. मुलगी अपेक्षा दहावीत, अभ्यासात लक्ष नाही, गणित तर शून्य. ‘कामवालीची मुलगी कामवालीच होणार’ असं ती तोंडावर सांगते. तेव्हा चंदा ज्यांच्याकडे काम करते त्या डॉक्टरीणबाईंच्या सल्ल्यानं मुलीच्याच शाळेत, मुलीच्याच वर्गात जाऊन बसते. इथे शिकण्याचे हाल जास्त खरे आहेत. दिवसभर राबून आलेली बाई गणिताच्या पुस्तकापुढे बसते तेव्हा तिचा चेहरा थकलेला असतो, आणि दिग्दर्शिका तो तसाच राहू देते. स्वरा भास्करनं काम झकास केलंय. पण मायलेकींची पैज काय लागते, ऐका. मुलीला आईपेक्षा जास्त मार्क पडले तर आईनं शाळा सोडायची! म्हणजे आईचं शिकणं पहिल्या दिवसापासून मुलीला टोचणी म्हणून. आई वर्गात असणं हाच मुलीला धाक, आणि मुलगी सुधारली की आईचं काम संपलं. शेवटी मोठ्या परीक्षेच्या मुलाखतीला बसलेली असते ती अपेक्षा. तिचा आनंद मलाही झाला, पण चंदाला स्वतःला ते गणित आवडायला लागलं होतं का, हे मला बघायचं होतं, आणि सिनेमाला तिथे थांबायला वेळ नव्हता.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी 8 मार्च 2016 ला सुरू झालेली ‘आजीबाईंची शाळा’ तुम्ही फोटोत पाहिलीच असेल. गुलाबी पातळं, पाठीला दप्तर, हातात पाटी. शिक्षक योगेंद्र बांगर यांचं काम मोठंच आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. अंगठ्याच्या जागी सही आली ही काय लहानसहान गोष्ट आहे? माझं म्हणणं त्या फोटोंबद्दल आहे. सगळ्या फोटोंत आजी गोड आहेत. अक्षर चुकलं म्हणून चिडलेली, पाटी बाजूला सारून बसलेली आजी कुठल्याच फोटोत नाही. ती असणार, मला खात्री आहे.

ही खात्री कशावरून, ते सांगायला थोडं स्वतःबद्दल लिहावं लागेल. बी. ए.ची दोन वर्षं राहिली होती ती मी चाळिशीनंतर पुरी केली, नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून, सीमेपलीकडच्या अभ्यासकेंद्रावर रविवारी जाऊन. 1989 साली निघालेल्या त्या विद्यापीठानं माझ्यासारख्या किती बायकांना पदवीपर्यंत नेलं! त्याच्या पूर्वतयारी शिक्षणक्रमामुळे तर बारावी न झालेल्या बायकाही बी. ए.च्या वर्गात येऊन बसल्या. माझ्या शेजारी बसणारी अशीच एक होती. तिथे आम्हा सगळ्यांना कशाचा त्रास झाला असेल तर तो हाताचा. तुम्ही म्हणाल बुद्धीचा, वेळेचा, घरच्यांचा. तो तर होताच. पण आधी हाताचा. वीस वर्षं ज्या हातानं किराणा मालाची यादी आणि दुधाचा हिशेब याहून जास्त काही लिहिलेलं नाही, त्या हाताला तीन तास सलग उत्तरपत्रिका लिहायला लावून बघा. तासाभरात अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. अक्षर वाकडं होतं, आपलंच आपल्याला वाचवत नाही. म्हणून परीक्षेच्या आधी दोन महिने मी रोज रात्री तीन पानं नुसती उतरून काढायची. काहीही, पेपरातला अग्रलेखसुद्धा. आमच्याकडे एक सोय अशी, की सूर्यास्ताआधी जेवणं उरकतात आणि सातला चूल बंद. जैनाच्या घरच्या बाईला रात्रीचा अभ्यास जमत नाही म्हणायला तोंड नाही! पण त्याच वेळेला पाहुणे येतात, सासूबाईंना कुणीतरी वाचून दाखवायचं असतं, आणि पानं उतरणाऱ्या बाईला बघून शेजारीण हटकून विचारते, “आता शिकून काय करणार, वैनी?”

हाच तो प्रश्न. दोन्ही सिनेमांनी याला उत्तर दिलंय आणि दोन्हींनी ते घाबरत दिलंय. एक म्हणतो घरात मान मिळवणार, दुसरा म्हणतो मुलीला पुढे नेणार. शिकून शिकणार, असं उत्तर द्यायचं धाडस दोघांनाही झालं नाही.

आता ज्या पुस्तकासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं त्याच्याकडे येते. पार्वतीबाई आठवले यांचं ‘माझी कहाणी’, 1928 सालचं. आपण स्त्रियांची आत्मचरित्रं म्हटलं की रमाबाई रानड्यांच्या आठवणी आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ यांच्यापाशी थांबतो. दोन्ही मोठीच पुस्तकं. पण रमाबाई शिकल्या त्या कोवळ्या वयात, आणि शिकवणारा घरातच होता. पार्वतीबाईंचं तसं नाही. जन्म 1870 चा, कोकणातल्या देवरूखचा. विसाव्या वर्षी वैधव्य, पदरात मुलगा. त्यांच्या बहिणीनं 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, त्या आनंदीबाई कर्वे. त्या निमित्तानं पार्वतीबाई पुण्याला आल्या आणि पंचविशी उलटल्यावर लिहायवाचायला लागल्या. पुढे हिंगण्याच्या आश्रमाचा कारभार पाहिला, संस्थेसाठी गावोगाव हिंडून वर्गणी गोळा केली. इथवरची गोष्ट पुष्कळांना माहीत असते.

मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. 1918 साली, सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांची ही बाई इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेली. शशी गोडबोलेच्या 94 वर्षं आधी, तोच देश, तीच भाषा, आणि बाई मराठीच! तिथे ना बहिणीचं घर होतं, ना लग्नाचा मांडव. लोकांच्या घरी घरकाम करून त्यांनी पोट भरलं, आणि त्यातून भाषा उचलली. शशीच्या गोष्टीत चार आठवडे आहेत, इथे दोन वर्षं. त्या 1920 मध्ये परत आल्या. त्याआधी देशातही त्यांनी इंग्रजीचे प्रयत्न केले होते, पण संस्थेच्या कामातून ते तडीला जात नव्हते, म्हणून थेट परदेशच गाठला. घरात राहून अभ्यास होत नाही तर दार लावून बसावं, असं आपण म्हणतो. या बाईनं समुद्र ओलांडून दार लावलं.

पुस्तकात त्या स्वतःला हुशार म्हणवून घेत नाहीत, आणि गरीब बिचारीही म्हणवून घेत नाहीत. जे घडलं ते हिशेबाच्या वहीत मांडावं तसं मांडतात. वर्गणीचे आकडे आणि मनातलं दुःख दोन्ही एकाच आवाजात. आजच्या वाचणारीला तो आवाज कोरडा वाटेल. मला आधी वाटला होता. दुसऱ्या वाचनात कळलं, की आश्रमाची वर्गणी मागत फिरणाऱ्या बाईला रडून चालत नसतं, आणि तीच सवय लेखणीत आली आहे. भाषा इतकी साधी आहे, की मोठेपणी अक्षर शिकलेल्या माणसाची ही भाषा आहे हे ओळखू येतं. वाक्य उगाच वळसे घेत नाही. लवकरच, 1930 साली, जस्टिन अ‍ॅबट यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. म्हणजे जी भाषा शिकायला बाई म्हातारपणाच्या उंबरठ्यावर एवढी हिंडली, त्या भाषेत तिची कहाणी गेली ती दुसऱ्याच्या हातून. मला हे वाचून जरा चुटपुट लागली.

पण याच पुस्तकात एक गाठ आहे आणि ती लपवून पुस्तकाची नुसती आरती ओवाळणं बरोबर नाही. पार्वतीबाईंचं स्वतःचं मत काय होतं? बाईचं शिक्षण हे पुरुषाच्या शिक्षणाहून वेगळं असावं, चांगली पत्नी, चांगली माता, चांगली गृहिणी व्हायला उपयोगी पडेल असं असावं. जिनं स्वतः घर, गाव, देश मागे टाकून भाषा शिकली, ती दुसरीला सांगते घरासाठी शीक! आणि स्वतःच्या अमेरिकेच्या प्रवासाला त्या जे कारण देतात तेही संस्थेचं, इंग्रजी बोलणाऱ्यांपुढे आश्रमाची बाजू मांडता यावी म्हणून. मग यांच्यात आणि त्या दोन सिनेमांत फरक काय, असं कुणी विचारील. फरक मला असा दिसतो. सिनेमांत कारण पुरं झालं की शिकणं गुंडाळून ठेवतात. पार्वतीबाईंच्या पुस्तकात कारण एका ओळीत येतं आणि शिकण्याचे कष्ट पानोपान पसरतात. मत जुनं राहिलं, पण बाईनं पानं खर्च केली ती कशावर, हे बघायला नको का? लोक काय म्हणतात यापेक्षा ते कशावर रेंगाळतात यावरून मला त्यांचं मन जास्त कळतं.

आपल्या समाजापुरतं बोलायचं तर आपल्याला हे इतकं अवघड का जावं, हे मला खरंच उमगत नाही. श्रावकाच्या रोजच्या सहा आवश्यकांत स्वाध्याय आहे, आणि त्याला वयाची अट कुणी घातलेली नाही. दशलक्षण पर्वात रोज एक याप्रमाणे तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय होतात. सत्तरीची अक्का ती सूत्रं तोंडपाठ करते आणि सगळी बस्ती तिचं कौतुक करते. तिला कुणी विचारत नाही, आता पाठ करून काय करणार. त्याच अक्कानं संस्कृतची प्रवेश परीक्षा द्यायची म्हटली, ती सूत्रं आपली आपल्याला लागावीत म्हणून, की घरात हसायला लागतात. स्वाध्यायाचे जे पाच प्रकार सांगितलेत त्यांत पृच्छना आहे, म्हणजे शंका विचारणं. आणि आम्नाय आहे, म्हणजे पुन्हा पुन्हा शुद्ध घोकणं. शशी ‘द’ का लागतो म्हणून विचारते ती पृच्छनाच की. तो अवघड शब्द घोळवत रस्त्यानं चालते तो आम्नाय. धर्माचं शिकणं तेवढं शिकणं आणि बाकीचं बाईचं खूळ, ही वाटणी शास्त्रानं केलेली नाही, आपण केली. सेठ माणिकचंद हिराचंद यांच्या कन्या मगनबाईंनी मुंबईत श्राविकाश्रम चालवला. ऐन तारुण्यात विधवा झालेली ही बाई आधी स्वतः शिकली आणि मग आश्रमात इतर बायकांना शिकवू लागली. जैन महिलारत्न म्हणून आपण त्यांचा फोटो लावतो, पण मगनबाईंनी वही उघडली तेव्हा त्यांच्या शेजारणींनी काय विचारलं असेल, याचा विचार करत नाही.

मला एक सिनेमा बघायचा आहे. त्यात पन्नाशीची बाई परीक्षेच्या हॉलमध्ये बसलेली असेल. पंखा नीट चालत नसेल. पुढच्या बाकावर तिच्या नातवाच्या वयाचा पोरगा असेल. ती दीड तासानंतर हात झटकेल, बोटं मोडेल, पुन्हा लिहायला लागेल आणि उभी राहून पुरवणी मागेल. घरी काय चाललंय ते सिनेमानं त्या तीन तासांत दाखवू नये. ती नापास झाली तरी मला चालेल, फक्त पेपर तिनं पूर्ण सोडवावा.

तोवर ‘माझी कहाणी’ आहे. आमच्या स्वाध्याय मंडळात यंदाच्या चातुर्मासात छहढाळा संपल्यावर शनिवारी हे पुस्तक वाचायचं मी सुचवलं आहे. दोघींची हरकत आहे की ते शास्त्र नव्हे, आणि एकीची की पार्वतीबाई जैन नव्हत्या. तिघीही हुशार आहेत, वाद चांगला होईल. पुस्तकाची प्रत एकच आहे, म्हणून एकीनं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं असं ठरतंय. वाचायला कुणी बसायचं ते अजून ठरलेलं नाही. चष्मा नवा केलाय त्या काकींचं नाव पुढे आहे.